काम, कार्य आणि माटोळी धरून उभे राहिलेले बाबा

फोंड्याजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न आधी सांगतो. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांनी सजवलेली चौकट, बांधणं चाललं होतं. नारळाची पेंड (घड), सुपारीचे घोस, तोरिंजनं (मोठी लिंबूवर्गीय फळं) बांधून जड झालेली लाकडी चौकट हातांनी वर तोलून वडील उभे होते आणि काका स्टुलावर चढून दोऱ्या आवळत होते. दहा मिनिटांत वडिलांचे हात थरथरू लागले, बनियन भिजली. नववीतली मुलगी खालून म्हणाली, "बाबा, आमच्या पुस्तकाप्रमाणे तुम्ही आता केलेलं वर्क झीरो." त्या वडिलांनी विचारलं आहे: हे मराठीत कसं सांगायचं? काम शून्य म्हणायचं, तर मी दमलो कशाने? आणि फोर्स, एनर्जी, पॉवर या तिन्हींना आम्ही घरात शक्तीच म्हणतो, ते चूक आहे का? गावातली मुलं शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठीत फलक रंगवणार आहेत, त्यावर 'शक्ती' लिहायचं की 'ऊर्जा', असाही एक जोडप्रश्न आहे.

प्रश्न गोव्याचाच आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. बल, कार्य, ऊर्जा या संकल्पना येतात त्या इंग्रजीतून. त्यामुळे घरातल्या मराठीची आणि शास्त्रातल्या मराठीची कधी भेटच होत नाही. मीही याच वाटेने गेलो. वर्गात इंग्रजी शब्द पाठ झाले आणि त्यांचे मराठी सोबती मला कॉलेज संपल्यावर, विश्वकोश चाळताना सापडले.

आता मूळ गोष्ट. मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण ते मराठीत सांगताना 'काम' हा शब्द घेऊ नका, 'कार्य' घ्या. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे वस्तूवर लावलेलं बल गुणिले त्या बलाच्या दिशेने वस्तू जेवढी सरकली तेवढं अंतर. चौकट वीस किलोची धरू. ती जमिनीवरून दोन मीटर वर नेली तेव्हा तुम्ही तिच्यावर सुमारे ३९२ ज्यूल कार्य केलंत (२० किलो गुणिले गुरुत्वाचे ९.८ गुणिले २ मीटर; ज्यूल हे कार्याचं एकक). ते खरं आणि मोजता येण्यासारखं. पण त्यानंतरची दहा मिनिटं चौकट जागची हलली नाही. अंतर शून्य, म्हणून कार्य शून्य. छताच्या वाशाला बांधल्यावर तीच माटोळी वासा पुढचे कितीतरी दिवस तोलून धरतो, आणि वाशाने काही खाल्लंप्यालं आहे असं आपण म्हणत नाही. वासा आणि तुमचे हात या दोघांनी चौकटीसाठी केलं ते एकच.

मग दमणूक कुठली? ती शरीराच्या आतली. वाशासारखं निवांत ताठ राहणं स्नायूला जमत नाही. ताण टिकवायचा तर त्यातले सूक्ष्म तंतू एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि दर वेळी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते. बाहेर काही हलत नसल्यामुळे ती सगळी उष्णतेत जाते. घाम त्याचाच. म्हणजे माटोळीवर तुमचं कार्य शून्य, पण तुमची ऊर्जा मात्र खरोखर खर्च झाली. आणि काम? काम तर तुम्ही केलंतच. ते शून्य म्हणायचा अधिकार कुठल्याही शास्त्राला नाही, कारण 'काम' हा शब्द शास्त्राने घेतलेलाच नाही.

मला या ठिकाणी मराठीचं फार कौतुक वाटतं. इंग्रजीत कष्टालाही वर्क आणि सूत्रातल्या राशीलाही वर्क. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सवयीचा शब्द आधी विसरावा लागतो. आपल्याकडे घरात वापरायला प्राकृताच्या वाटेने आलेला 'काम' आहे (कर्म, कम्म, काम) आणि पुस्तकासाठी संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला 'कार्य'. हीच जोडी 'बळ' आणि 'बल' यांची. 'अंगात बळ नाही', 'बळेच हसला', 'बळजबरी' या सगळ्यांत ळ. बल न्यूटन या एककात मोजलं जातं, तिथे ल. एका अक्षराने घर आणि प्रयोगशाळा वेगळी होतात. कुणी 'गुरुत्वबळ' लिहिलं तर मी भांडणार नाही, पण ल-ळ चा हा भेद हाताशी असताना तो घालवू नये असं मनापासून वाटतं.

अर्थात 'कार्य' हा शब्दही कोरा नाही. आपल्याकडे 'आमच्या घरी कार्य आहे' म्हटलं की ऐकणारा मुंज की लग्न एवढंच विचारतो. पत्रिकेच्या माथ्यावर 'कार्य सिद्धीस नेण्यास श्री समर्थ आहे' असतं. तरी गोंधळ होत नाही, कारण लग्नघरातलं कार्य आणि ज्यूलमधलं कार्य एका वाक्यात येण्याची वेळ सहसा येत नाही. काम आणि वर्क यांचं तसं नाही, ते एकाच स्वयंपाकघरात, एकाच दिवशी, एकमेकांवर आदळतात.

बलाबद्दल थोडं. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, इतकं साधं. आपल्या भाषेत त्याच्या छटा इतक्या आहेत की मुलांना त्याच आधी द्याव्यात: रेटा, ओढ, ताण, दाब, हिसका, धक्का, आणि गोव्यात अजून रोज ऐकू येणारा 'नेट'. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, ओढताना पाहा. दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा, दोर कंबरेच्या उंचीवर, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकणारी पावलं. दोर ओला, त्यातून पाण्याचे थेंब पिळवटून खाली पडतात. जाळं हळूहळू येत असतं तोवर बल आहे आणि कार्यही आहे. मध्येच ते खडकात अडकतं. ओरडा होतो, नेट दुप्पट लागतो, दोर तारेसारखा ताठ होतो, पण पावलं जिथल्या तिथे. त्या क्षणी बल सर्वांत जास्त आणि कार्य शून्य. बल आणि कार्य यांतला फरक सांगायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जुन्या शास्त्रीय मराठीत फोर्सला 'प्रेरणा' म्हणत. मराठी विश्वकोशातही प्रेरणा आहे, त्वरणाला (वेग बदलण्याच्या दराला) 'प्रवेग' आहे आणि जडत्वाला (आहे त्याच अवस्थेत राहण्याच्या गुणाला) 'निरूढी'. 'प्रेरणा' हा शब्द व्युत्पत्तीने अचूक आहे, कारण त्याच्या मुळातला ईर् हा धातू हलवण्याचा, चालतं करण्याचाच आहे. पण आज प्रेरणा म्हटलं की लोकांना थोरांची चरित्रं आठवतात. शाळेच्या पुस्तकांनी 'बल' निवडलं ते योग्यच झालं. 'प्रवेग' गेला याची मात्र हळहळ वाटते, त्यात वेगाशी असलेलं नातं कानालाच कळतं. 'त्वरण' त्वरेवरून आला आहे. तोही वाईट नाही, आणि आता रुळला आहे, तेव्हा तोच वापरावा.

गती, चाल, वेग या तिघांवर विचारणाऱ्यांनी काही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. गती म्हणजे हलण्याची अवस्था, चाल म्हणजे किती भराभर, वेग म्हणजे किती भराभर आणि कोणत्या दिशेने. रायबंदरहून चोडणला फेरीने गेलात आणि त्याच फेरीने परत आलात, तर निघालात तिथेच पोचल्यामुळे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. सरासरी चाल शून्य नाही, कारण पाणी तर कापलंच. रस्त्यावरच्या पाटीवर 'वेगमर्यादा' असतं, शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने ती चालीची मर्यादा आहे. पण पाट्या बदलायला सांगणं हा हट्ट झाला. आणि फेरी किनाऱ्याला लागताना उभे प्रवासी पुढे झुकतात ते जडत्वामुळे. जिथे तो धक्का बसतो त्या जागेलाही आपण धक्काच म्हणतो, हे मला लहानपणापासून आवडत आलं आहे.

आता खरा गुंता: शक्ती आणि ऊर्जा. यात तुमचं घर एकटं नाही. युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ याच गुंत्यात दीडशे वर्षं होते. लाइबनिट्सने सतराव्या शतकात, आज आपण जिला गतिज ऊर्जा (हलण्यामुळे असलेली ऊर्जा) म्हणतो तिच्या जवळ जाणाऱ्या राशीला 'जिवंत बल' असं लॅटिन नाव दिलं. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला तेव्हा त्याच्या नावात 'क्राफ्ट' हा जर्मन शब्द होता, ज्याचा आजचा अर्थ बल. 'एनर्जी' हा शब्द आजच्या अर्थाजवळ आणला तो थॉमस यंगने, १८०७ मध्ये. कार्याची व्याख्या नीट बांधली कोरिओलिसने, १८२९ मध्ये. म्हणजे शब्द वेगळे व्हायला अर्धं शतक तरी गेलं. नववीतल्या मुलीला तो फरक चाळीस मिनिटांच्या तासात कळावा अशी आपण अपेक्षा करतो.

मराठीतली आजची वाटणी अशी. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, साठा. शक्ती म्हणजे ते कार्य किती झपाट्याने होतं, तो दर. माडावर चढणारा पाडेली घ्या. साठ किलोचा माणूस दहा मीटर वर गेला की गुरुत्वाविरुद्ध ५८८० ज्यूल कार्य झालं. तरुण पाडेली तीस सेकंदांत चढला काय आणि म्हातारा दोन मिनिटांत चढला काय, वजन तेवढंच असेल तर कार्य तेवढंच. शक्ती मात्र वेगळी: तरुणाची १९६ वॅट, म्हणजे पाव अश्वशक्तीहून थोडी अधिक, आणि म्हाताऱ्याची ४९ वॅट. वरून त्याने सोडणासकट (सालासकट) किलोभराचा नारळ पाडला, तर देठ तुटण्याआधी त्याच्यात ९८ ज्यूल स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ऊर्जा) असते. निम्म्या वाटेवर अर्धी गतिज झालेली असते. जमिनीला टेकताना, हवेचा विरोध सोडला तर, सगळी गतिज, आणि चाल सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर. पाडेली वर असताना पोरांना माडाखालून हाकलतात ते उगीच नाही.

शक्ती शब्दाचा हा अर्थ आपल्या बोलण्यात आधीपासून आहे, फक्त लक्षात येत नाही. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपाला 'एका अश्वशक्तीचा' म्हणतो तो दरच आहे, ७४६ वॅटचा. पंप तासभर चालला तर त्याने ओढलेली वीज पाऊण युनिटाच्या आसपास (प्रत्यक्षात मोटारीच्या तुटीमुळे थोडी जास्त). हे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, छत्तीस लाख ज्यूल, आणि ती ऊर्जा आहे. बिलात पैसे ऊर्जेचे लागतात, पंप विकत घेताना आपण शक्ती विचारतो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने कुळागरात उतरतं तिथे पंप लागतच नाही. उंचीमुळे पाण्यात जी स्थितिज ऊर्जा आहे तीच पोफळीपर्यंत पोचवते.

'ऊर्जा' हा शब्द नवा, सरकारी वाटतो अशी एक तक्रार ऐकू येते. तो नवा नाही. यजुर्वेदाची सुरुवातच 'इषे त्वोर्जे त्वा' अशी आहे, आणि कार्तिकाचं वैदिक नाव ऊर्ज. अन्नातून येणारा जोम, रस, असा त्याचा जुना भाव. बाजारात 'धंद्याला ऊर्जितावस्था आली' म्हणतो तेव्हा तोच शब्द आपल्या तोंडी असतो. अन्नातली साठवण कष्टात उतरते, हा अर्थ ग्रीक 'एनर्जिया'पेक्षाही मला जवळचा वाटतो. तिथे मुळात 'कामात असणं' एवढंच आहे.

तेव्हा घरात शक्ती म्हणण्यात काही चूक नाही. 'देवी शक्ती देवो' म्हणताना कुणी वॅट मोजत नाही. पण फलकावर मात्र एनर्जीला ऊर्जा, पॉवरला शक्ती, फोर्सला बल असंच लिहावं. 'ऊर्जाशक्ती' असा जोडशब्द काही ठिकाणी दिसतो, तो टाळा. त्यात साठा आणि दर एकत्र बांधले जातात. 'अणुशक्ती' जुना आणि रूढ आहे, पण मुलांच्या फलकावर 'अणुऊर्जा' बरा.

रंगवणाऱ्याला एक सांगून ठेवा. 'गती' आणि 'शक्ती' एकेकटे आले की शेवटचा स्वर दीर्घ, पण पुढे काही जोडून नवा शब्द झाला की ऱ्हस्व: गतिज, गतिमान, शक्तिमान (गतीने, शक्तीचा यांत मात्र दीर्घच). 'स्थिती' आणि 'स्थितिज' यांचंही तसंच. आणि 'ऊर्जा'तला ऊ दीर्घ, कितीही घाई असली तरी.