पेपरात पैकीच्या पैकी, पण तोंडातून शब्द फुटत नाही

प्रश्न : ताई, मी १३-१४ वर्षांच्या मुलींसाठी शाळेत लैंगिक शिक्षणाचे तास घेते. शरीररचना, पाळी, गर्भधारणा, संबंधांतून होणारे आजार, संमती असं सगळं मन लावून शिकवते. शेवटी चाचणी घेते, तिच्यात मुलींना उत्तम गुण मिळतात. पण मागच्या महिन्यात कळलं, की त्यांच्यातल्याच एका हुशार मुलीमागे ओळखीतल्या एका मोठ्या मुलानं रात्री-बेरात्री मेसेज करून ‘एकटी भेटायला ये’ असा लकडा लावला होता. तिला नाही म्हणता येईना, आणि तीन आठवडे तिनं कुणाला सांगितलंही नाही. संमतीवरचं सगळ्यांत सुंदर उत्तर तिनंच लिहिलं होतं! माझं काय चुकलं? वर्तनबदलाचे सिद्धान्त इथे उपयोगी पडतात असं ऐकलंय, पण वाचायला घेतले आणि गोंधळूनच गेले.

– एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुरुवातीची काही वर्षं मीही असेच तक्ते घेऊन वर्गात जायची. ‘कळलं का?’ विचारलं की सगळ्या एका सुरात ‘हो’ म्हणायच्या, आणि त्यांना खरंच कळलेलं असायचं. तुमच्या मुलीलाही कळलं होतं. अडलं ते त्याच्या पुढे.

हे कोडं जुनं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी फुकट एक्स-रेची सोय लोकांच्या अगदी जवळ नेली, तरी पुष्कळ जण फिरकेनात. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या हॉखबाउम, रोझेनस्टॉक यांसारख्या मानसशास्त्रज्ञांनी याचा छडा लावायचा प्रयत्न केला आणि त्यातून ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’, म्हणजे आरोग्याबद्दलच्या समजुतींवरून माणसाचं वागणं समजून घेणारा सिद्धान्त, उभं राहिलं. त्यातले प्रश्न साधे आहेत. हे माझ्या बाबतीत घडू शकतं असं मला वाटतं का? घडलं तर किती वाईट? पाऊल उचलून फायदा काय? आणि माझ्या आड काय येतंय? आपण शिकवणारे पहिल्या दोन प्रश्नांवर तासच्या तास घालवतो, म्हणजे भीती घालतो. चौथा प्रश्न मुलींना विचारतच नाही.

मी तो चिठ्ठ्यांवर विचारते, नाव न घालता : ‘असं काही झालं तर घरी का सांगणार नाही?’ उत्तरं येतात ती अशी : ‘मोबाइल काढून घेतील.’ ‘शाळा बंद करतील.’ ‘आधी मीच रिप्लाय दिला होता.’ ‘आई रडेल.’ धोका ठाऊक नव्हता, असं एकीनंही लिहिलेलं मला आठवत नाही. तुम्ही पुढच्या तासाला फक्त एवढंच करा आणि चिठ्ठ्या घरी नेऊन शांतपणे वाचा. तुमचा पुढचा अभ्यासक्रम त्यातच सापडेल.

आता ‘नाही’ म्हणण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. ‘हे मला जमेल’ हा स्वतःवरचा विश्वास, असा त्याचा अर्थ. सापाला विलक्षण घाबरणाऱ्या माणसांबरोबर त्यांनी काम केलं होतं. ज्यांनी दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं पाहिलं त्यांची भीती कमी झाली, पण ज्यांनी पायरीपायरीनं स्वतः हाताळला त्यांचा विश्वास जास्त वाढला. आपल्या वर्गात मुली ‘नाही’ हा शब्द वहीत लिहितात. तो मोठ्यानं उच्चारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा येते ती थेट प्रसंगातच.

म्हणून मी जोड्या करते. एकीनं गळ घालायची, दुसरीनं नाकारायचं. सुरुवात अगदी सोप्यापासून : ‘तुझी वही दे ना.’ मग चढत चढत ‘रागावलीस का?’, ‘माझ्यावर विश्वास नाही?’, ‘बाकीच्या येतात, तुलाच काय झालं?’ पहिल्या फेरीत नुसतं हसणं असतं. हसू द्या. दुसऱ्या फेरीत आवाज इतका बारीक होतो की शेजारचीलाही ऐकू जात नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो जागेवर येतो. मग भूमिका बदलायच्या. तुम्ही स्वतः करून दाखवण्यापेक्षा वर्गातल्या एखाद्या लाजऱ्या मुलीला जमलेलं बाकीच्यांना जास्त उपयोगी पडतं, कारण ती त्यांच्यासारखीच असते. मेसेजचा सरावही कागदावर घ्या. हल्ली निम्मी गळ तिथेच घातली जाते.

‘बाकीच्या येतात’ या वाक्यावर जरा थांबा. माणूस एखादी गोष्ट करायचं कशावरून ठरवतो हे सांगणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात, आपल्या जवळच्यांना काय योग्य वाटतं याचा आपला अंदाज हा एक मोठा घटक आहे, आणि या वयात तो अंदाज पुष्कळदा चुकीचा असतो. ‘मैत्रिणीनं नकार दिला तर तुला ती मागासलेली वाटेल का?’ हेही चिठ्ठीवर विचारा आणि उत्तरं वर्गातच मोजा. मुली चकित होतात.

सांगण्यासाठी मात्र ‘मोठ्यांना सांगा’ एवढं पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे चांगली लागू पडते : ‘जर त्यानं पुन्हा मेसेज केला, तर मी उत्तर न देता सकाळी मावशीला मोबाइल दाखवीन.’ माणूस ठरलेला, वेळ ठरलेली, पहिलं वाक्यही ठरलेलं. ते वाक्य प्रत्येकीनं स्वतःचं स्वतः लिहावं. एखादीला असं विश्वासाचं कुणाचंच नाव सुचत नसेल तर त्या मुलीशी तासानंतर बोला.

‘असं शिकवून मुली बिघडतील’ म्हणणारे भेटतीलच. युनेस्कोनं २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत पुराव्यांचा आढावा घेऊन सांगितलं आहे, की अशा शिक्षणानं लैंगिक संबंधांचं प्रमाण वाढत नाही. त्यांना हे सांगा आणि कामाला लागा.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. यातले बहुतेक सिद्धान्त एका व्यक्तीच्या डोक्यात काय चालतं ते पाहतात. त्यामुळे नकळत सगळा भार मुलीवर येतो : तूच ओळख, तूच नाकार, तूच सांग. पण चूक त्या मुलाची होती. त्याचं वागणं बदलायला मुलग्यांचे तास हवेत, आणि आपलं बदलायला आपले. एकदा एक मुलगी तासानंतर माझ्याजवळ थांबली, काहीतरी सांगू लागली, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘पण तू त्याला उत्तर का दिलंस?’ ती ‘काही नाही’ म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. तेव्हापासून मी पालकांच्या आणि शिक्षकांच्या बैठकीत फक्त पहिल्या मिनिटाचा सराव घेते. मुलगी सांगतेय, तुम्ही काय बोलाल? मोठी माणसंही पहिल्या फेरीत हसतात, आणि पुष्कळ जण ‘का’नंच सुरुवात करतात.

तुमच्या त्या मुलीला तीन आठवडे गप्प का राहिलीस असं विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणा आणि पुढे काय करायचं ते तिला विचारून ठरवा. तो मुलगा अजून मेसेज करत असेल तर जुने मेसेज पुसू नका म्हणावं. आणि हे तिच्या घरी कळवायचं असेल, तर ती आईशी बोलताना तुम्ही शेजारी बसा.