पहिल्या सेशनआधी विचारून घ्या

ताई, थेरपिस्टची (बोलून मनावर उपचार करणाऱ्याची) वेळ घेण्याआधी फोनवरच शिक्षण आणि नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी नंबर मागितल्यावर कुणी चिडलं, तर तिथे जाऊच नका. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात, समुपदेशक नाही.

फी किती, सेशन किती मिनिटांचं (बहुधा ४५ ते ६०), ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात का, हेही आधीच.

जळगाव-धुळ्यात ओळखीतून ओळख निघतेच, म्हणून नात्यागोत्यातला थेरपिस्ट टाळा. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. पण जिवाला धोका असेल तेव्हा काय सांगितलं जातं, कुणाला, हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. ऑनलाइन सेशन भरल्या घरात अवघडच. दार लावा, इअरफोन घाला आणि टेबलफॅन दाराजवळ सुरू ठेवा, म्हणजे बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू जात नाही. मनातलं अहिराणीतच येत असेल तर अहिराणीतच बोला, समोरच्याला ती कळते का तेवढं आधी विचारा.

पहिल्या भेटीत बरेचसे प्रश्नच असतात. हलकं वाटलं नाही म्हणून लगेच सोडू नका, तीन-चार भेटी द्या. मधेच एखाद्या रात्री जीव नकोसा झाला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.