बीटा टेस्टिंग होऊनही गेम पहिल्याच दिवशी का कोसळतो?

बीटात, म्हणजे गेम बाजारात येण्याआधी खेळाडूंकडून करून घेतलेल्या चाचणीत, जेवढं तपासलं जातं तेवढंच पक्कं होतं, म्हणून. ‘डायब्लो ३’ घ्या. १५ मे २०१२ला गेम आला आणि लॉगिनलाच ‘एरर ३७’: सर्व्हर व्यस्त आहेत, नंतर प्रयत्न करा. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे पैसे मोजलेला गेम उघडतच नव्हता. एप्रिलमध्ये खुला बीटा झाला होता, पण त्यात कथेच्या पहिल्या अंकाचा थोडा भाग आणि पात्राची १३व्या लेव्हलपर्यंतच मजल. शेवटची ‘इन्फर्नो’ काठिण्यपातळी किती जीवघेणी आहे ते विकत घेणाऱ्यांनाच कळलं. ती नंतर सौम्य करावी लागली.

तरी बीटा हवाच. हजारो तऱ्हेची मशीन्स कुठल्याच ऑफिसात मांडता येत नाहीत. तुम्हाला बीटा मिळाला तर नुसतं ‘क्रॅश झाला’ लिहू नका. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्या क्षणी नेमकं काय करत होतात, तेही कळवा.