बोट लागेल का, बाल्कनी घ्यावी का, चिवडा चालेल का : पहिल्या क्रूझचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की यंदा सुट्टीत काय नवीन करायचा विचार आहे, तर क्रूझवाल्यांची पत्रं इतकी आली की हा सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाकलाय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकचे. घरात सात माणसं, सासूबाई ६८, सासरे ७३, त्यांचे गुडघे दुखतात, दोन मुलं शाळेतली. मे महिन्यात मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझ करायचं मनात आहे. नवरा म्हणतो सगळ्यांना बाल्कनीवाल्या केबिन घेऊ, एकदाच तर जायचंय. तुम्हाला काय वाटतं? सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही.

अहो, नवऱ्याचा उत्साह चांगला आहे पण पैसे चुकीच्या जागी जातायत असं मला वाटतं. क्रूझमध्ये जहाज हीच ट्रिप असते, गावं बघणं हा वरचा भाग. आणि जहाजावर माणूस केबिनमध्ये फक्त झोपायला आणि आंघोळीला जातो, बाकी वेळ डेकवर, जेवायला, शो बघायला, मुलं तर दिसणारच नाहीत तुम्हाला. त्यामुळे मुलांची आणि तुमची केबिन आतली घ्या, म्हणजे इंटिरियर, तिला खिडकी नसते, दिवा घालवला की दुपार आहे का मध्यरात्र ते कळत नाही पण झोप मस्त लागते. सासू-सासऱ्यांना मात्र खिडकीवाली घ्या. बाल्कनीपेक्षा मी जागेवर जास्त पैसे घालीन, जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर, कारण सी-सॉवर बसल्यासारखं असतं बघा, टोकाला बसलेला उडतो, मधला जागच्या जागी. लिफ्टच्या जवळची मागा, पण अगदी लिफ्टसमोरची नको, रात्रभर लोकांच्या गप्पा ऐकू येतात. बुकिंग करताना डेकचा नकाशा मागून घ्या आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली थिएटर किंवा डिस्को असला तर विचारूच नका.

आता लक्षद्वीप. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून नीट सांगते. तिथं एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते लांब समुद्रात नांगर टाकतं आणि तिथून लहान बोटीत उतरून बेटावर जायचं. जहाज एका लयीत हलत असतं, लहान बोट दुसऱ्या लयीत, आणि मधल्या त्या पावलाला गुडघे लागतात. खलाशी हात धरतात, तसं घाबरण्यासारखं नाही, पण ७३ वर्षांच्या गुडघ्यांना ते जमेल का हे त्यांनाच विचारा आणि नाही म्हणाले तर त्यांना आग्रह करू नका, सगळे उतरल्यावर जहाज इतकं शांत होतं की त्या दिवशी वर राहिलेले लोक खरी चैन करतात. आणि समुद्र खवळला तर कप्तान कुणालाच उतरवणार नाही. मार्ग बदलायचा हक्क त्याचा असतो, तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असतं, तिथं भांडून उपयोग नाही. लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, ते बुकिंगच्या वेळी कोण काढणार हे लेखी विचारून घ्या.

आणि मे महिना का बरं? मुलांची सुट्टी, कळलं. पण मेच्या शेवटाकडे अरबी समुद्र तापायला आणि उसळायला लागतो, आणि पावसाळ्यात तर मुंबईहून या फेऱ्या बंदच असतात, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज या काळात चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करत आलंय. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या घालत नव्हते ते उगीच नाही. ख्रिसमसची सुट्टी जमली तर बघा, डिसेंबर-जानेवारीत समुद्र शांत असतो, भाडं जास्त पडेल हे मान्य. मेच घ्यायचा तर पहिला आठवडा.

जेवणाची काळजी सोडा. इकडच्या जहाजांवर जैन जेवण मिळतं, फक्त बुकिंग करतानाच सांगून ठेवा आणि चढल्यावर पहिल्याच दिवशी रेस्टॉरंटच्या माणसाला परत सांगा. उपासाचं मात्र साबुदाण्यापर्यंत जाईल असं गृहीत धरू नका.

नाशिकहून त्याच दिवशी येणार असाल तर पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरा, बॅलार्ड पियरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. तरी माझं मत, आदल्या रात्री मुंबईत या. चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं आणि कसाऱ्याला गाडी अडकली हे कारण जहाजाला चालत नाही. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि त्या केबिनच्या दारात यायला कधी कधी संध्याकाळ होते, तेव्हा सासऱ्यांची औषधं, आधार कार्डं, मुलांचे पोहायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत.

प्रश्न : मी मूळचा मालवणचा, वय ७५. लहानपणी कोकणबोटीने भाऊच्या धक्क्यावरून गावी जायचो, बोट इतकी लागायची की रत्नागिरीपर्यंत डोकं वर निघायचं नाही. आता मुलगा क्रूझला चला म्हणतोय. आणि आमची मंडळी 'रामदास' बोटीचं नाव काढून नकोच म्हणते. काय करावं?

काका, तुमचं पत्र वाचून ऑफिसात दोघं-तिघं आपापल्या आजोबांच्या बोटीच्या गोष्टी सांगत बसले, हरणै, जयगड, विजयदुर्ग, पडावात बसून बोटीपर्यंत जायचं ते सगळं. पण त्या बोटी आणि हे जहाज यात फार फरक आहे. एम्प्रेसच घ्या, १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आजच्या जगातल्या मोठ्या जहाजांपुढे ते लहानच म्हणायचं, तरी लांबी २११ मीटर. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते पुढेमागे तिरके फिरून जहाजाचं डाव्या-उजव्या अंगाला लोळणं बरंच कमी करतात. नाक वर-खाली होणं त्यांनी थांबत नाही, ते समोरून लाट आली की जाणवतंच. म्हणजे अजिबात लागणार नाही असं मी लिहून देत नाही, पण डिसेंबरात मुंबई-गोवा केलंत तर बहुतेक लोकांना चालताना थोडा झोक जाण्यापलीकडे काही होत नाही.

तुम्हाला लागायची सवय आहे, तर गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊ नका, आधी घ्या. ॲव्होमिन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे पण तिनं झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घ्यायची नाही. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खा, आलेपाक खिशात ठेवा. मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन पडावंसं वाटतं, ते करू नका, उघड्या डेकवर मध्यावर उभं राहून लांब क्षितिजाकडे बघा. कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात हलत नाहीये, हे भांडण मिटवायला क्षितिजच लागतं. मोबाईल बघणं, वाचणं बंद.

काकूंची भीती खरी आहे, तिला हसू नका. 'रामदास' १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, कोकणात आणि मुंबईत त्याची आठवण अजून आहे. पण आजची क्रूझ पावसाळ्यात मुंबईतून निघतच नाही, माणूस मोजून आणि फोटो काढून आत घेतात, आणि सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांचा मस्टर ड्रिल होतो, म्हणजे संकट आलं तर कुणी कुठल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज ऐकला की आपल्या जागी जायचं. पूर्वी हा ड्रिल प्रवासी चढल्यापासून २४ तासांत केला तरी चालायचा. जानेवारी २०१२ मध्ये इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा ड्रिल दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटताच. लोक या वेळी सेल्फी काढत असतात, मला फार राग येतो. काकूंना ड्रिलला पुढच्या रांगेत उभं करा, आपली लाइफबोट कुठली ते डोळ्यांनी बघितलं की धीर येतो.

प्रश्न : जाहिरातीत जे 'पासून पुढे' भाडं असतं त्यात खरंच सगळं येतं का? आम्ही दोघंच, लग्नाला सहा महिने झालेत, बजेट टाइट आहे.

नाही येत. केबिन, मुख्य रेस्टॉरंटचं जेवण, पूल, बरेचसे शो हे येतं. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, आणि स्टाफसाठीचा सर्व्हिस चार्ज किंवा ग्रॅच्युइटी, जो माणशी दर रात्रीला लागतो, हे वेगळं. दारू वेगळी, बऱ्याच ठिकाणी कोल्ड्रिंक पण वेगळं, वायफाय वेगळं, स्पा वेगळा, काही खास रेस्टॉरंट वेगळी, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, केबिनची चावी म्हणजे जे कार्ड असतं तेच सगळीकडे दाखवायचं आणि बिल शेवटच्या दिवशी, त्यामुळे खर्च होताना कळतच नाही. रोज रात्री रिसेप्शनला किंवा केबिनमधल्या टीव्हीवर आपलं बिल किती झालं ते बघून झोपा. एजंटला सांगा की मला शेवटचा आकडा द्या, सगळं धरून, मेलवर.

आणि मोबाईल! किनारा सुटला की फोन जहाजावरचं सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो, त्याचा रेट बघून रडू येईल. चढल्या चढल्या फ्लाइट मोड. घरी सांगून ठेवा की एक दिवस फोन लागणार नाही, नाहीतर आई-वडील इकडे देव पाण्यात घालून बसतील.

गोव्याला उतरल्यावर एवढंच की जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोकडे. कळंगुट-बागा तिथून लांब, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर संपलं. बोगमाळो जवळ आहे, किंवा मंगेशी-जुनं गोवं करून परत या. परत चढायची वेळ ही सुटायच्या वेळेच्या आधीची असते ती लक्षात ठेवा. जहाजाच्याच सहलीतून गेलात आणि त्यांच्याच बसला उशीर झाला तर ते थांबतात, स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी कुणी थांबत नाही.

प्रश्न : पुण्याहून आम्ही चार मैत्रिणी सिंगापूरहून सुटणारी क्रूझ करतोय, मलेशिया आणि थायलंडचं बंदर आहे. सिंगापूरचा व्हिसा काढला की झालं ना?

सिंगापूरचा व्हिसा घेताना एक-एंट्रीचा आहे का मल्टिपल ते बघा, कारण तुम्ही विमानाने एकदा शिरणार, जहाजाने बाहेर पडणार आणि परत सिंगापुरातच उतरणार, म्हणजे दोनदा प्रवेश. हे विसरणाऱ्यांची पंचाईत होते. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, थायलंडनेही सवलत दिली होती, पण हे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आठवड्यात परत एकदा सरकारी वेबसाइटवर बघा, व्हॉट्सॲपवर नाही. पासपोर्टला निघताना सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या आणि तो क्रूझला लागू आहे का विचारा, जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल परदेशातल्या हॉस्पिटलसारखं येतं. आणि क्रूझच्या दिवशीच सिंगापूरला उतरणारं विमान घेऊ नका.

प्रश्न : मी सात महिन्यांची गरोदर असेन तेव्हा. चालेल?

नाही. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांच्या पुढे चढूच देत नाहीत. अगदी लहान बाळांनाही वयाची अट असते, बऱ्याच ठिकाणी सहा महिने. आता राहू द्या, बाळ वर्षाचं झालं की तिघं जा.

प्रश्न : वय ५८, एकटीच जायचंय. कुणी म्हणतं बोअर होईल, कुणी म्हणतं महाग पडेल. चिवडा-लाडू नेऊ देतात का?

बोअर होणार नाही, एकट्या बाईला क्रूझइतकी सोपी ट्रिप नाही, सामान उचलायचं नाही, रिक्षावाल्याशी भांडायचं नाही, रात्री अकरा वाजता सुद्धा डेकवर फिरता येतं. महाग मात्र पडेल हे खरं, कारण भाडं दोघं एका केबिनमध्ये धरून सांगतात आणि एकट्याला त्यावर जादा भरावं लागतं, कधी कधी जवळजवळ दोघांचं. एखादी मैत्रीण तयार होत असेल तर हा जादा खर्च वाचतो, नसेल होत तर भरा आणि जा, ५८ व्या वर्षी कुणाची वाट बघायची.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचं घरगुती खाणं बऱ्याच जहाजांवर घेऊन जाऊ देत नाहीत, पॅकबंद बिस्किटाला कुणी काही म्हणत नाही. प्रवासात छोटी विजेची किटली आणि इस्त्री नेणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्या दोन्ही टर्मिनलवरच काढून ठेवतात आणि परतताना देतात, आगीची भीती असते म्हणून. उदबत्ती, मेणबत्ती पण नाही, देवपूजा हात जोडून करायची. सकाळी सहाला चहा लागत असेल तर तो कुठल्या डेकवर मिळतो ते चढल्या दिवशीच विचारून घ्या, बुफे उघडायला वेळ असतो.



(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कुठल्या महिन्यात जाणार आणि घरात कुणाला काय त्रास आहे हे जरूर लिहा, त्याशिवाय उत्तर देता येत नाही.)