सर्व्हिस रोडवरून हायवेवर चढताना धडकी भरते. सवय कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की लायसन्स मिळून चार महिने झालेत, रोज पाथर्डी फाट्याहून ओझरला जायचंय, पण हायवेला लागायच्या टोकाशी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मागचे हॉर्न मारतात.

माझाही जायचा. आठेक वर्षांपूर्वी रॅम्पच्या टोकाला मी अशीच गच्च थांबले आणि मागून द्राक्षांचे क्रेट भरलेल्या पिकअपने बंपरचा मुका घेतला. पिकअपवाला उतरला, पण भांडला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही निघालात असं वाटलं, म्हणून मी आरशात बघत होतो." कायद्याने चूक त्याचीच, पण तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. त्या जागी मागच्या माणसाची नजर तुमच्यावर नसते, तोही उजवीकडे जागा शोधत असतो.

म्हणून जायचं की नाही हे टोकाला पोचून ठरवू नका. चढ लागताच इंडिकेटर द्या, आरशात बघा, मग एकदा मान वळवून उजव्या खांद्यावरून बघा (आरशात बाइकवाले हमखास लपतात), आणि वेग वाढवत न्या. नवीन माणसाला वेग वाढवायचीच भीती वाटते, पण हिशोब करा. ट्रक ताशी 60 ने येतोय आणि तुम्ही 30 ने घुसलात, तर दर सेकंदाला तो 8 मीटर जवळ येतो. 40 मीटरची मोकळी जागा जेमतेम 5 सेकंदांत संपते. तुम्हीही 60 वर असाल तर ती जागा तेवढीच राहते.

मात्र हे फक्त रॅम्पला लागू. सर्व्हिस रोड आणि हायवेच्या मध्ये नुसता कट असेल, वेग घ्यायला जागाच नसेल, तर तिथे थांबायचंच. मागचा कितीही कोकलू दे. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने तिथल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. आणि अशा कटवर उजवीकडे बघता बघता डावीकडेही एक नजर टाका. राँग साइडने येणारी बाइक नाशिकला नवीन नाही.

डिपरचं एक सांगते. परदेशात राहून आलेला माझा मावसभाऊ समोरच्याने लाइट मारला की "जा म्हणतोय" असं समजायचा. आपल्याकडे बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मी येतोय, मध्ये येऊ नको" असाच असतो. खरंच वाट देणारा ट्रकवाला वेग कमी करतो किंवा क्लीनर खिडकीतून हात हलवतो. तो हातही नुसता सल्ला समजा, पलीकडच्या लेनमधून येणारी कार क्लीनरला दिसत नाही. ट्रकच्या डाव्या दाराला चिकटून तर चालूच नका. ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसलेला, खालची तुमची छोटी गाडी त्याला दिसतच नाही. त्याच्या मागे राहा. भरलेला ट्रक तुमच्यासाठी पटकन थांबू शकत नाही, आणि कांद्याच्या सीझनला पिंपळगावच्या बाजूला भरलेलेच जास्त.

उद्या तुम्ही हायवेवर असाल आणि दुसरं कोणी चढत असेल, तर आरसा बघून आधीच उजव्या लेनला सरका. लेन मोकळी नसेल तर फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. लगेच ब्रेक मारून "या, या" करणारे सज्जन मला जास्त भीतिदायक वाटतात, कारण त्यांच्या मागच्याला यातलं काहीच कळलेलं नसतं.

सरावाला रविवारी सकाळी उजाडल्यावर निघा, शेजारी चालवणारं कोणी घ्या. ओझरपर्यंत जाताना जिथे सापडेल तिथे उतरायचं, परत चढायचं. मी चार रविवार हेच केलं, नवरा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता.