गच्चीवरचा टॉवर भंगारात विकू का?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे दुमजली घर आहे. २००८ मध्ये माझ्या यजमानांनी गच्ची एका मोबाईल टॉवर कंपनीला १५ वर्षांसाठी भाड्याने दिली. करार १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर झाला. एप्रिल २०२३ पासून भाडे नाही, जुलै २०२३ मध्ये मुदतही संपली. यजमान आता हयात नाहीत. कंपनीने अँटेना काढून नेल्या, सांगाडा तसाच उभा आहे. बोल्ट गंजलेत आणि वारा सुटला की आवाज येतो. त्यात नगरपरिषदेने टॉवरची घरपट्टी माझ्या नावावर लावली आहे. एक भंगारवाला टॉवर उतरवून वर पैसेही द्यायला तयार आहे. देऊ का?

उत्तर : ताई, भंगारवाल्याला आजच नाही म्हणून सांगा. टॉवर तुमच्या घरावर असला तरी तुमचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जोडलेली वस्तू, त्याचा ताबा आहे तोवर, मुदत संपल्यावरही त्याला काढून नेता येते. दूरसंचार कायदा, २०२३ मधले कलम १४ तर म्हणते की एखाद्या मिळकतीवर उभारलेले दूरसंचार जाळे त्या मिळकतीचा भाग समजायचे नाही. भाडे थकले म्हणून तुम्ही लोखंड विकलेत, तर भाडे बुडवणारी कंपनी फिर्यादी होईल आणि तुम्ही आरोपी. शिवाय गॅस कटर घेऊन चढलेला मजूर वरून पडला तर ते प्रकरण कुठवर जाईल, याचा विचार करा.

आधी एक चौकशी करा. कंपनी अजून जिवंत आहे का? २०१८ च्या आसपास या धंद्यात बऱ्याच उलथापालथी झाल्या, एअरसेलसारखी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. तुमच्या कंपनीवर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची कार्यवाही चालू असेल, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती असते. त्या काळात तिच्याविरुद्ध दावा चालत नाही, तिच्या ताब्यातली जागाही मालकाला परत घेता येत नाही. मग थकबाकीचा दावा निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या माणसाकडे, मुदतीत नोंदवायचा. ही माहिती दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती न पाहता नोटीस पाठवणारे वकील मी पाहिलेत. अशिलाचे वर्ष फुकट जाते.

कंपनी धडधाकट असेल तर पुढचे ऐका. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. तुमचा नोटरीचा कागद १५ वर्षांच्या अटी शाबित करायला चालणार नाही आणि मुद्रांकाची तूट दंडासह भरावी लागेल. पण यात तुमचा फायदाही आहे. असा भाडेपट्टा कायद्याने महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन तो संपवता येतो. मुदत उलटली असली तरी ही नोटीस द्याच आणि तिच्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण कंपनीला बहुधा मिळणार नाही, कारण १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) असलेल्या कंपन्यांना तो कायदा लागू नाही.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. त्यात ताबा, थकबाकी, मुदतीनंतरच्या वापराची भरपाई आणि ‘टॉवर उतरवा’ असे कंपनीला फर्मावणारा हुकूम (कोर्टाच्या भाषेत आज्ञार्थक मनाई हुकूम) मागायचा. कंपनीने हुकूम पाळला नाही तर न्यायालयाने नेमलेल्या माणसामार्फत कंपनीच्या खर्चाने टॉवर काढावा, हेही मागणीत घाला. समोरचा वकील कदाचित म्हणेल की दूरसंचार कायद्याखालचे वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. तुमचा वाद मार्गाधिकाराचा, म्हणजे जाळे उभारायला जागा वापरू देण्याचा नाही, थकलेल्या भाड्याचा आणि ताब्याचा आहे, यावर ठाम राहा. ताब्याला १२ वर्षे मिळतात, भाड्याला मात्र तीनच. एप्रिल २०२३ चे भाडे एप्रिल २०२६ नंतर मागता येत नाही, आणि त्यापुढे दर महिन्याला एकेक महिना हातचा जातो.

टॉवर कोसळण्याची भीती मात्र दाव्याच्या तारखांची वाट पाहू शकत नाही. असा टॉवर स्लॅबवर उभा नसतो. खालच्या खांबांच्या माथ्यावर बीम टाकून बेस प्लेट बोल्टने जखडलेली असते आणि वाऱ्याचा सगळा ओढा त्या बोल्टांवर येतो. नाशिकसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. टॉवर चालू असतो तेव्हा कंपनीची माणसे येऊन बोल्ट आवळतात, जस्ताचा थर आणि अर्थिंग तपासतात. तुमच्याकडे हे सगळे बंद झाले आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. बोल्ट, बेस प्लेटजवळची गळती, खालच्या खांबांच्या भेगा आणि वीजरोधकाची पट्टी यांचा लेखी अहवाल फोटोंसह घ्या. तो अहवाल जोडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पडून इजा होण्याची शक्यता असलेले बांधकाम काढायला किंवा त्याला आधार द्यायला ते कंपनीला फर्मावू शकतात. प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरचे होर्डिंग वादळात पडून १७ माणसे गेली, त्यानंतर असे अर्ज बाजूला टाकणे अधिकाऱ्यांना सोपे राहिलेले नाही.

शेजारी किरणांची तक्रार करतात, असेही तुम्ही लिहिले आहे. अँटेनाच नाहीत तर किरणे येणार कुठून? तो मुद्दा अर्जात घालू नका, खरी तक्रार पातळ होते.

राहिली घरपट्टी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असे ठरवले. मग दूरसंचार कायद्याचे कलम १४ आले, ते २६ जून २०२४ पासून लागू आहे, आणि त्यात मालमत्ता कराचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून बिलाचे दोन तुकडे करून मागा. त्या तारखेनंतरच्या आकारणीवर हरकत घ्या. आधीची रक्कम तुम्हाला भरावी लागलीच आणि करारात कर कंपनीवर असेल, तर तोही आकडा नोटिशीत घाला. नोंदणीअभावी कंपनी त्यावर वाद घालेल, तरी मागणी सोडू नका. नगरपरिषद कदाचित म्हणेल की बंद टॉवर म्हणजे ‘जाळे’ नव्हे. म्हणू दे. हरकत बिलाच्या मुदतीत द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.