तिनं डोकं खाल्लं की वसकन अंगावर आली?

निपाणीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय : इंग्रजी गोष्टीत ‘आय ओन्ली आस्क्ड द टाइम, अँड शी बिट माय हेड ऑफ’ असं वाक्य आलं. बाइट म्हणजे चावणं, हेड म्हणजे डोकं. म्हणून ‘तिनं माझं डोकं खाल्लं’ असं लिहिलं, तर सरांनी काट मारली. का?

काट बरोबर आहे, पण चूक हुशार पोराची आहे. इथं खरोखरचा चावा नाही, हे त्यानं ओळखलं. फक्त लक्षणा घरची लावली. आणि आपल्या भागात तो मोह दुप्पट. बेळगावच्या खडेबाजारात खेळण्यासाठी हटून बसलेल्या पोराला मराठी आई म्हणते ‘डोकं खाऊ नको’, शेजारची कन्नड आई म्हणते ‘तली तिनब्याड’. शब्दाला शब्द तोच! मग इंग्रजीही तेच म्हणत असणार, असं वाटणारच की.

आता तो शेवटचा ‘ऑफ’ बघा. आपलं डोकं खाणं वाळवीसारखं, भुणभुण करत तासभर चालणारं. इंग्रजीतलं एका घासात, धडावेगळं. म्हणजे कटकट नव्हे, एकदम खेकसणं. मराठीत मी ‘ती वसकन अंगावर आली’ असं लिहीन. चावऱ्या कुत्र्याचं चित्रही त्यात राहतं. शिवाय खूण वाक्यातच होती, ‘ओन्ली’. नुसती वेळ विचारली, ती यानं. डोकं खाल्लंच असेल तर यानं तिचं!

‘पुलिंग माय लेग’चंही असंच. मराठीत पाय ओढायचा तो वर चढणाऱ्याचा, जळून. इंग्रजीत ती साधी फिरकी, खोटंनाटं सांगून केलेली थट्टा. गंमत म्हणजे कन्नडात पाय ओढणं थट्टेसाठीही वापरतात, त्यामुळं इथं बाकावरच्या कन्नड मित्राचा अंदाज बरोबर निघेल आणि तुमचा चुकेल.

कोशात ‘बाइट’चा पहिला अर्थ वाचून थांबू नका. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत नोंदीच्या शेवटी ‘इडियम्स’ असा वेगळा भाग असतो, तिथं अख्खा तुकडा शोधा. नाही सापडला तर ‘हेड’खाली बघा.

सरांकडं अर्धा मार्क मागून बघायला हरकत नाही. फार डोकं मात्र खाऊ नका, नाहीतर इंग्रजी अर्थाचं प्रात्यक्षिक तिथंच मिळेल.